गुरुवर्य विष्णु वासुदेव नारळीकर

प्रा. नारळीकर यांचा जन्म १९०८ सालीं कोल्हापुरास झाला. केंब्रिजचा विद्याभ्यास आटोपून १९३२ सालीं ते काशी हिंदु विश्वविद्यालयांत गणित शिकवूं लागले. आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद त्यांनीं तेथें रुजविला. त्यांचे शिष्य प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनीं १९४३ सालीं प्रकाश फेंकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचें गणित मांडिलें. पुढें कृष्णविवरांच्या अभ्यासांत तें उपयोगी पडलें. सूर्याएवढें द्रव्य सुमारें ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यांत कोंबलें, तर त्यांतून प्रकाशहि निसटणार नाहीं. म्हणूनच कृष्णविवर काळें दिसतें. नारळीकर १९९१ सालीं निवर्तले. गुरूची विद्या शिष्याच्या हातून फळास येते, हेंच आम्हांस या चरित्रांत वंदनीय वाटतें.