रोजगार हमीचा कायदा देणारे वि. स. पागे

मैत्रिणींनो, आपल्या नांदेड-लातूरकडे बाहत्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की म्हाताऱ्या बायका अजून सुकडी, लाल मिलो आणि खडी फोडण्याच्या गोष्टी सांगतात. पण ‘रोजगार हमी’ ही कल्पना ज्यांची, त्या विठ्ठल सखाराम पागे यांचं नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

पागे सांगली जिल्ह्यातले. जन्म १९१० चा. वकिली शिकले, स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि ते विधान परिषदेचे सभापती झाले. १९७८ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षं ते त्या खुर्चीवर होते. सभापतीचं काम कसं, तर आपण कमी बोलायचं आणि दुसऱ्याला बोलू द्यायचं. सरकार पक्षाला जेवढी संधी, तेवढीच विरोधकालाही द्यायची.

खेड्यातल्या रिकाम्या हातांना काम कसं मिळेल, हा त्यांचा ध्यास होता. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजना राज्यभर आली आणि त्याच साली दुष्काळ पडला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लेकरं झाडाखाली झोपवून हजारो बाया पाझर तलावावर, रस्त्यावर राबल्या.

पाऊस पडला, दुष्काळ सरला. योजना तिथंच गुंडाळता आली असती. पण विरोधकांनीही विषय लावून धरला. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. नोकरदारांच्या पगारातून कापला जातो, तोच हा कर! १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमतानं कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा, असं त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे काम ही कुणा साहेबाची मेहरबानी राहिली नाही, तो मजूर बाईचा हक्क झाला. पुढं २००५ मध्ये देशाचा कायदा झाला, त्यालाही वाट महाराष्ट्रानंच दाखवली होती. ते बघायला पागे नव्हते. १९९० मध्येच ते गेले.

आणि आज? जुलै २०२५ मध्ये विधान भवनाच्या लॉबीत आमदारांचे कार्यकर्ते एकमेकांच्या अंगावर धावले, ते आपण टीव्हीवर पाहिलं. गोंधळात सभागृह तहकूब होतं, विधेयकं घाईघाईत मंजूर होतात. यात नुकसान कुणाचं? जिचा प्रश्न मांडायचा राहून गेला, तिचं. मुंबईला जाऊन ओरडणं काही तिला जमणार नसतं.

म्हणून हळदीकुंकवाला, बचत गटाच्या बैठकीला आमदार आले, की साडी-वाण घेऊन गप्प बसू नका. गेल्या अधिवेशनात आपल्या तालुक्याचा कोणता प्रश्न मांडलात, एवढं तरी विचारा. बघा, पुढच्या वेळी ते तयारी करून येतील!