स्टीफन हिस्लॉप : चरित्र आणि कर्तृत्वनिर्देशाचा प्रश्न

विदर्भातील आदिवासींच्या मौखिक वाङ्मयाचा विचार करणाऱ्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत एक नोंद बहुधा आढळते : हिस्लॉप, १८६६. लिंगोच्या कथागीताचा उल्लेख आला की कंसात हे नाव व हे वर्ष येते आणि वाचक पुढे सरकतो. वस्तुतः १८६६ साली रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हयात नव्हते. त्यांचा अंत होऊन तीन वर्षे उलटली होती. शिवाय ज्या गीतासाठी आपण त्यांचा हवाला देतो ते त्यांनी रचलेले नाही आणि गायिलेलेही नाही. नागपुरात हिस्लॉप हे नाव महाविद्यालयामुळे घरोघर माहीत आहे. त्या नावामागील माणसाचे चरित्र मात्र संशोधनातील कर्तृत्व कोणाच्या नावे मांडावयाचे, या प्रश्नाच्या अंगाने पाहिले गेलेले नाही. ते तसे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील बेरिकशायर परगण्यातील डन्स या गावी झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले व इंग्रज यांची निर्णायक लढाई झाली, हा केवळ योगायोग. (त्या काळच्या इंग्रजी लष्करी कागदपत्रांत आढळणारे सर टॉमस हिस्लॉप हे निराळे गृहस्थ होत.) एडिंबरो व ग्लासगो येथे शिक्षण, नंतर धर्मशास्त्राचा अभ्यास, १८४३ च्या फुटीनंतर स्थापन झालेल्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडची दीक्षा, १८४४ साली विवाह आणि त्याच वर्षी हिंदुस्थानकडे प्रयाण असा त्यांच्या पूर्वायुष्याचा क्रम आहे. १८४५ च्या आरंभी ते नागपूर-कामठी भागात पोहोचले. गादीवर तिसरे रघूजी होते आणि इंग्रजांची रेसिडेन्सी सीताबर्डीला होती. हिस्लॉप यांनी मराठी आत्मसात केली आणि १८४६ मध्ये शाळा काढली. पुढे १८८३ साली निघालेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले ते या शाळेच्या वारशामुळे.

धर्मप्रसारक म्हणून त्यांना किती यश लाभले, याची चर्चा येथे प्रस्तुत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. रॉबर्ट हंटर हे तरुण सहकारी त्यांना येऊन मिळाले आणि दोघेही नागपूरच्या परिसरातील दगड पाहत हिंडू लागले. यासाठी फार दूर जावे लागत नव्हते. सीताबर्डीची टेकडी हीच मुळी भूशास्त्राचे उघडे पुस्तक होती : तळाशी पुरातन नाइस खडक, वर काळ्या लाव्ह्याचे थर आणि दोन थरांच्या मधोमध गोड्या पाण्यात साचलेल्या गाळाची चिंचोळी पट्टी. जवळच्या टाकळी येथे याच पट्टीत शंखशिंपले, बिया आणि कीटकांचे अवशेष सापडले. लाव्हा एकदाच वाहून थांबला नाही. दोन उद्रेकांमध्ये एवढा अवधी गेला की तळी साचली, त्यांत जीव नांदले आणि पुन्हा आलेल्या लाव्ह्याखाली ते गाडले गेले, असा अर्थ त्यांतून निघत होता. या थरांचे वय त्यांनी तृतीयक युगातील मानले. ते आज मान्य नाही, आता ते सुमारे साडेसहा कोटी वर्षे मागे नेले जाते. पण थरांचा क्रम त्यांनी लावला तोच टिकला.

या निरीक्षणांचा मुख्य लेख लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे १८५४ मध्ये वाचला गेला व १८५५ च्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. त्यावर हिस्लॉप आणि हंटर अशी दोन नावे आहेत. टाकळीचा पहिला शिंपला कोणी उचलला आणि कोणत्या परिच्छेदाची भाषा कोणाची, हे त्या शीर्षकावरून कळत नाही व कळावे अशी अपेक्षाही नव्हती. सॅम्युअल हॉटन यांनी या परिसरातील दोन खनिजांचे पृथक्करण केले आणि एकाला हिस्लॉपाइट व दुसऱ्याला हंटराइट असे नाव देऊन जणू समान वाटणी केली. स्वतंत्र खनिजे म्हणून आज ती दोन्ही नावे बाद आहेत. उलट नागपूरच्या गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म, वसाहत करून राहणाऱ्या प्राण्याला एच. जे. कार्टर यांनी १८५८ मध्ये हिस्लॉपिया ही प्रजातिसंज्ञा दिली, ती अद्याप चालू आहे. १८५५ मध्ये हंटर मायदेशी परतले आणि पुढे अनेक खंडांचा विश्वकोशात्मक इंग्रजी कोश संपादून त्यांनी निराळीच कीर्ती मिळविली. नागपुरात मात्र त्यांचे नाव उरले नाही. कारण उघड आहे. एक जण येथे राहिला, येथेच गेला आणि त्याच्या नावाची संस्था झाली. स्मरणाची वाटणी कामाच्या प्रमाणात होत नसते.

जीवशास्त्रातील नामकरणाची पद्धत या बाबतीत फार काटेकोर आहे आणि तिच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने कुतूहलाने पाहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. टाकळीला विपुल आढळणाऱ्या शंखाचे शास्त्रीय नाव फायसा प्रिन्सेपी. त्यात गौरव जेम्स प्रिन्सेप यांचा आहे. नावापुढे कर्ता म्हणून सॉवर्बी यांचा निर्देश येतो, कारण १८४० साली त्यांनी वर्णन लिहिले. ज्यांनी दख्खनच्या खडकांतून मूळ नमुने गोळा केले ते माल्कमसन या नावात कोठेच नाहीत. मांगलीच्या तांबड्या दगडात मिळालेल्या उभयचराच्या कवटीचेही तसेच. हिस्लॉप व हंटर यांनी ती लंडनला पाठविली, रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स म्हटले आणि त्या संज्ञेपुढे कायमचे नाव लागले ते ओवेन यांचे. म्हणजे ज्याने वर्णन लिहून छापले तो कर्ता. ज्याने शोधले, खणले वा वाहून नेले त्याचा निर्देश सौजन्यावर सोडलेला. पद्धत एकांगी आहे, पण ती स्पष्ट आहे. कोणते काम मोजले गेले व कोणते नाही, हे प्रत्येकाला आधीच ठाऊक असते.

त्या चौकटीत वावरताना हिस्लॉप स्वतः सावध दिसतात. लाव्ह्याच्या थरांमधील निक्षेपांविषयीचा त्यांचा १८६० चा लेख या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याच्या शीर्षकातच नोंदविले आहे की शंखशिंपल्यांचे वर्णन हिस्लॉप यांचे, कीटकांचे अँड्र्यू मरे यांचे आणि सूक्ष्म कवचधारी प्राण्यांविषयीची टीप रूपर्ट जोन्स यांची. नागपूरच्या वनस्पती-जीवाश्मांचे काम त्यांनी चार्ल्स बनबरी यांच्याकडे सोपविले आणि ते १८६१ मध्ये बनबरी यांच्याच नावे आले. आपल्या आवाक्याबाहेरचे काम दुसऱ्याकडून करून घेऊन आपल्या नावाखाली दडविण्याची वृत्ती येथे आढळत नाही.

याच गृहस्थांनी एका क्षेत्रात मात्र आपले नाव हेतुपुरस्सर दिले नाही. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर येथील कारभारातील दोषांविषयी ते श्रीरामपूरच्या फ्रेंड ऑफ इंडिया या पत्रात निनावी लिहीत असत. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण होण्यास हे लेखन कारणीभूत ठरले, असे श्रेय त्यांचे चरित्रकार जॉर्ज स्मिथ यांनी १८८८ च्या चरित्रात त्यांना दिले आहे. स्मिथ हे त्या पत्राचे संपादक होते, तेव्हा त्यांना आतली माहिती असणार. पत्राच्या प्रभावाविषयी त्यांना ममत्व असणेही स्वाभाविक होय.

आता गोंडांविषयीच्या कामाकडे वळू. या अभ्यासात हिस्लॉप यांनी अनेक वर्षे घालविली. जमातींची टिपणे, बोलींच्या शब्दसूची, चालीरीती असे साहित्य जमत गेले. त्यांत सर्वांत मोलाचा ठरला तो लिंगोचा दीर्घ कथागीतबंध. गोंडांची उत्पत्ती, महादेवाने त्यांना गुहेत कोंडणे, लिंगोचा जन्म व वध, त्याचे पुन्हा जिवंत होणे, गोंडांची सुटका, कुळांची विभागणी आणि विवाहविधीची घालून दिलेली रीत असा त्याचा विस्तार आहे. तो मिळाला एका परधानाकडून. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक व वंशवृत्त सांगणारे. यजमानाकडे जाऊन किंगरीच्या साथीने देवांची व कुळांची कथा गाणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. कथेतील प्रसंगांची निवड, पुनरुक्तीची जागा, लय, कोठे थांबावे व कोठे आवर्तन घ्यावे, हे ज्ञान सर्वस्वी त्यांचे होते. मौखिक परंपरेत गायक हा साठवणीचा कोनाडा नसतो. प्रत्येक गायनात तो रचना घडवीत असतो. मरे किंवा जोन्स यांनी एका लेखातील काही पानांपुरते काम केले. परधानाने संहिता दिली.

ही टिपणे ग्रंथरूपाने सिद्ध करणे हिस्लॉप यांच्या हातून झाले नाही. सप्टेंबर १८६३ मध्ये ते मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले होते. ४ तारखेच्या सायंकाळी बोरीच्या मुक्कामाकडे घोड्यावरून एकटे परतत असता पावसाने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. वयाची सेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चार दिवस उणे होते.

मागे राहिलेली हस्तलिखिते टेंपल यांनी हाती घेतली आणि १८६६ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर ही कागदपत्रे कैलासवासी हिस्लॉप यांनी हस्तलिखित रूपात मागे ठेवल्याचे व आपण टीपा आणि प्रस्तावनेसह त्यांचे संपादन केल्याचे टेंपल यांनी नमूद केले आहे. प्रांताचा सर्वोच्च अधिकारी मृत मित्राचे नाव आधी व स्वतःचे संपादक म्हणून नंतर घालतो, हे सचोटीचेच लक्षण होय. ग्रंथालयांच्या तालिकांनी त्यावरून हिस्लॉप हे ग्रंथकार ठरविले. त्या पानावर परधानाला स्थान मिळाले नाही. हिस्लॉप जगते तर त्यांनी १८६० च्या शीर्षकासारखी नोंद येथेही केली असती काय, याचा तर्क करीत बसण्यात अर्थ नाही. एवढे मात्र निश्चित की शंखासाठी, कीटकासाठी, बीसाठी कर्ता नोंदविण्याची रूढी त्या काळी सिद्ध होती; गीतासाठी ती नव्हती. लोकवाङ्मय म्हणजे कोणाचेच नसलेले वाङ्मय, अशी धारणा होती, आणि निनावीपण हा त्याचा गुणधर्म म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांनीही पुढे शिकविला. ती धारणा वस्तुस्थितीतून आली की नोंद न घेण्याच्या सवयीतून, हे तपासण्याजोगे आहे.

ग्रंथाचे पुढील भ्रमण याच दिशेने झाले. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील आपल्या १८७१ च्या पुस्तकात या गीताचे इंग्रजी पद्यात रूपांतर घातले आणि त्यासाठी लाँगफेलोच्या हायावाथा काव्याची चाल घेतली. अशा रीतीने गोंडी गायनाला अमेरिकेतील आदिवासी कथेचा साज चढला. रसेल यांच्या जमाती व जाती यांवरील १९१६ च्या चार खंडांतही कथा आली. त्या खंडांच्या मुखपृष्ठावर रायबहादुर हिरालाल यांचा निर्देश साहाय्यक म्हणून आहे. आपण सवयीने रसेल व हिरालाल असे जोडनाव घेतो, म्हणजे येथे वाचकांनी मुखपृष्ठ दुरुस्त केले आहे. तशी दुरुस्ती १८६६ च्या ग्रंथाबाबत झाली नाही. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी परंपरेच्या आतून लिंगोचा व गोंडी पुनेमचा विचार मांडला, तेव्हा या कथेविषयी बोलणारा ग्रंथकार तिच्या समाजातला होता.

आज कर्तृत्व मोजण्याची साधने पुष्कळ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने संयुक्त लेखाच्या गुणांपैकी साठ टक्के प्रथम व मुख्य लेखकांना आणि उरलेले चाळीस इतरांना वाटले. २०१८ च्या नियमावलीने दोनच लेखक असतील तर प्रत्येकी सत्तर टक्के दिले. हिस्लॉप व हंटर यांना ही दुसरी व्यवस्था आवडली असती, कारण बेरीज एकशेचाळीस होते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी घातलेल्या अटींत अंतिम मसुद्यास मान्यता देणे ही एक अट आहे. ती लावली तर १८६६ च्या ग्रंथाला ना हिस्लॉप कर्ते ठरतात ना परधान. फक्त टेंपल उरतात आणि ते तर स्वतःला संपादक म्हणवितात. हे सर्व मोजमाप छापील नावांपासून सुरू होते. जे नाव पानावर आलेच नाही त्याला कोणतीही टक्केवारी लागू पडत नाही.

म्हणून आमच्या विभागांत सादर होणाऱ्या प्रबंधांपुरती एक व्यवहार्य सूचना करावीशी वाटते. लिंगोच्या गीतासाठी ग्रंथाचा हवाला देताना गायक : नागपूर परिसरातील परधान, संकलक : हिस्लॉप, संपादक : टेंपल, १८६६ असा तिहेरी निर्देश करावा, आणि हिस्लॉप यांच्या जमातींविषयीच्या टिपणांसाठी केवळ त्यांचे नाव घ्यावे. तसेच १८७१ चे इंग्रजी पद्य उद्धृत करताना ते फोर्सिथ यांचे म्हणूनच नोंदवावे, गोंडांचे म्हणून नव्हे. फोर्सिथ यांचे पुस्तकही त्यांच्या मृत्यूनंतरच बाहेर आले. ते १८७१ च्या मे महिन्यात लंडनला वारले.