सफरचंदांचा चित्रकार : पॉल सेझान

फ्रान्सच्या दक्षिणेस एक्स नांवाचें एक जुनें शहर आहे. तेथें ता. १९ जानेवारी १८३९ रोजीं पॉल सेझान याचा जन्म झाला. वडील प्रथम टोप्यांचे व्यापारी होते. पुढें ते पेढीचे मालक झाले. मुलानें वकील व्हावें ही त्यांची इच्छा. त्यानें कायद्याचा अभ्यास आरंभिलाहि. परंतु मन चित्रकलेंतच गुंतलेलें! अखेर १८६१ सालीं वडिलांनीं त्यास पॅरिसला जाऊं दिलें.

पुढें कादंबरीकार म्हणून कीर्तीस चढलेला एमिल झोला हा त्याचा शाळासोबती. मुलें झोलास छळीत असतां पॉलनें त्याची बाजू घेतली, तेव्हां झोलानें त्यास टोपलीभर सफरचंदें आणून दिलीं, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, सफरचंदांनीं पॉलची सोबत जन्मभर सोडली नाहीं.

पॅरिसच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनानें त्याचीं चित्रें वर्षानुवर्षें नाकारलीं. १८७४ सालीं मित्रांसह स्वतंत्र प्रदर्शन भरविलें, तर तेथें उपहास वाट्यास आला. तथापि तो एक्सकडे परतून काम करीतच राहिला. १८८६ सालीं वडील वारले व बरीच संपत्ति हातीं आली. नाहींतर एकेका फळापायीं इतके दिवस घालविणें त्यास परवडतें ना.

पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयांत त्याचें सुमारें १८९९ सालचें, सफरचंदें व संत्रीं यांचें चित्र आहे. चुरगळलेलें पांढरें कापड, फुलांची नक्षी असलेली सुरई व फळें; एवढाच संसार. प्रथम पाहतांना तबक कललेलें वाटतें. फळें घरंगळून खालीं येतील असें भय वाटतें. हा हाताचा दोष नव्हे. एक वस्तु वरून, दुसरी समोरून, असें पाहून त्यानें तीं एकाच चित्रांत बसविलीं. आपणहि मान हालवूनच पाहतों कीं! फळाची गोलाई त्यानें केवळ काळ्या छायेनें दाखविली नाहीं. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा असे रंग शेजारीं शेजारीं ठेवून ती घडविली. जुन्या चित्रांत सफरचंद दिसलें कीं हव्वेची आठवण व्हावी, कवटी दिसली कीं मरणाची. सेझानचें सफरचंद प्रथम सफरचंदच असतें, आणि डोंगराइतक्याच आदरानें रंगविलेलें असतें. मांडणी मात्र सहज झालेली नसे. फळें नीट बसावीं म्हणून तो त्यांखालीं नाणीं सारीत असे. काम इतकें संथ चाले कीं खरीं फुलें सुकून जात व कागदी फुलें आणावीं लागत.

केवळ त्याच्याच चित्रांचें पहिलें प्रदर्शन पॅरिसमध्यें १८९५ सालीं भरलें, तेव्हां त्याचें वय ५६ होतें. १९०६ च्या आक्टोबरांत उघड्यावर चित्र काढीत असतां तो पावसांत सांपडला, आणि आठवड्याभरांत निवर्तला. पुढील सालीं पॅरिसला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानें पिकासो, ब्राक इत्यादि तरुण चित्रकारांस नवी दिशा दिली. एक्सबाहेरच्या टेकडीवर १९०२ सालीं बांधून झालेली त्याची चित्रशाळा जतन केलेली आहे. त्याच्या चित्रांतील बरण्या व प्लास्टरची बालमूर्ति तेथें पाहावयास मिळतात.