कापसाच्या गावी आलेला गिरणीवाला

आमच्या खापरखेड्याच्या वीज केंद्रात साठा असतो तो कोळशाचा. वीज तयार होते मागणी येईल तशी. कापडाच्या दुकानदाराला मात्र अशी सोय नाही. नाना तऱ्हांचा माल भरावा तर भांडवल अडकते, न भरावा तर गिऱ्हाईक परत जाते. हे कोडे सोडवायचे कसे, याचा विचार करताना मला जमशेटजी टाटा आठवतात.

जमशेटजींचा जन्म 1839 सालचा, नवसारीचा. मुंबईत त्यांनी एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांत ती नफ्यात विकली. मग लँकेशायरला जाऊन धंदा बारकाईने पाहिला. आता मुंबईतच दुसरी गिरणी निघेल, असे कुणालाही वाटले असते. पण त्यांनी निवडले नागपूर! वऱ्हाडचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि हातमागावर पोट भरणारे विणकर तर गावातच. दलदलीची जागा पाहून एका सावकाराने पैसे द्यायचे नाकारले. हा गृहस्थ सोने मातीत घालतो आहे, असे त्याला वाटले. 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे त्याच सावकाराने आपली चूक कबूल केली.

या निवडीतले मर्म मला असे दिसते. कापूस वर्षातून एकदाच येतो, म्हणून त्याच्या गाठी भरून ठेवाव्याच लागतात. पण गाठीतला कापूस अजून मोकळा असतो. त्याचे कमी-अधिक जाडीचे सूत काढता येते. एकदा जाड सूत कातले की ते बारीक होत नाही. तेव्हा साठा कच्च्या मालाचा ठेवावा आणि कातावे मागणी पाहून. गिऱ्हाईक दाराशी असेल तरच हे जमते.

त्यासाठी यंत्रे आणि माणसे दोन्ही तयार हवीत. सुरुवातीची स्वस्त यंत्रे नीट चालेनात, तेव्हा जमशेटजींनी ती बदलली. लँकेशायरवाले बिचकत होते, तेव्हा त्यांनी वेगवान रिंग चात्या आणल्या. कामगारांच्या गैरहजेरीवर दंडाचा बडगा न उगारता त्यांनी गिरणीतली हवा सुधारली, 1886 साली पेन्शन फंड काढला.

1904 साली जमशेटजी गेले. ती गिरणीही आता बंद पडली आहे. हिशेब मात्र जुना झालेला नाही. जास्तीचा माल पडून राहिला तर मालकाचे नुकसान होते. पण हवे ते सूत आठवडाभर मिळाले नाही, तर विणकराचा माग थांबतो आणि त्याबरोबर घरातली चूलही.