केळीच्या पानाआडचे आभाळ

मुंबई-गोवा महामार्गाने हातखंबा मागे टाकून पाली गाठले, की कोल्हापूरकडे जाणारा रस्ता डावीकडे फुटतो. या नाक्यापासून थोडे आत वाडीकडे वळावे, तर पावसाळ्यात घरांच्या परसात एक दृश्य हमखास दिसते. वाऱ्याने शिरांच्या रेषेत चिरत गेलेली केळीची पाने आणि त्या चिरांतून डोकावणारे करडे आभाळ. कोकणातल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. जेवायला पान हवे असेल, तर फाटके पान सोडून तो धड पान कापतो आणि घरात जातो. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी जपानमधल्या एका कवीने मात्र नेमक्या या फाटणाऱ्या पानावरून स्वतःचे नाव घेतले. बाशो म्हणजे केळ.

आज सूर्यास्ताचे किंवा भरून आलेल्या आभाळाचे छायाचित्र टिपायचे आणि त्याखाली तीन ओळींचा हायकू लिहायचा, ही हौस मराठी माणसाच्याही अंगवळणी पडली आहे. शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी हा काव्यप्रकार मराठीत रुजवला, त्याला मराठी यमकाची गोडी दिली आणि पाच-सात-पाच अक्षरांच्या हिशेबात त्याला फारसे अडकू दिले नाही. चित्र आणि हायकू यांची ही सोयरीक कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची आहे. जपानीत अशा जोडकृतीला हाइगा म्हणतात. ती समजून घ्यायची, तर बाशोच्या आयुष्याकडेच जावे लागते.

मात्सुओ बाशोचा जन्म १६४४ सालचा, इगा प्रांतातल्या उएनो या गावचा. घराणे सामुराईंच्या खालच्या फळीतले. मान थोडा आणि मिळकत त्याहून थोडी. वडील लवकर गेले. तरुणपणी तो तोदो योशितादा या सरदारपुत्राच्या चाकरीत होता. धनी आणि चाकर वयाने जवळचे, दोघांनाही काव्याचा नाद, दोघांचे गुरूही एकच, कितामुरा किगिन. त्या काळी काव्य ही एकट्याने करण्याची गोष्ट नव्हती. चारपाच जणांनी बसून एकामागून एक कडवे जोडत न्यायचे, अशी ती बैठक असे. पहिल्या कडव्याला होक्कू म्हणत. हायकू हे त्याचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकीने रूढ केले. म्हणजे ज्याला आपण हायकूचा महाकवी म्हणतो, त्याने हा शब्द या अर्थाने कधी वापरलाच नाही.

१६६६ मध्ये योशितादा ऐन पंचविशीत वारला. बाशोच्या चाकरीला आणि स्थैर्यालाही आधार उरला नाही. १६७२ मध्ये त्याने एदो, म्हणजे आजचे तोक्यो गाठले. तेथे काही काळ नगराच्या पाणीपुरवठ्याच्या कामावरही तो होता. हळूहळू शिष्य जमले, नाव झाले. तेव्हा त्याचे टोपणनाव तोसेई असे होते, म्हणजे हिरवे पीच. थोर चिनी कवी ली बाय याच्या नावाचा अर्थ पांढरे आलुबुखार असा होतो. त्याच्यापुढे आपण अजून कच्चेच, असा तो नम्र विनोद होता.

१६८० च्या हिवाळ्यात, व्यवसाय उत्तम चालत असताना, तो शहराची गजबज सोडून सुमिदा नदीपलीकडे फुकागावाला राहायला गेला. पुढच्या वसंतात एका शिष्याने झोपडीपाशी केळीचे रोप आणून लावले. जपानच्या थंडीत या जातीच्या केळीला खाण्याजोगे फळ धरत नाही. तिचे लाकूड नाही, फूलही डोळ्यांत भरणारे नाही. वारा आला की पाने फाटतात, एवढाच तिचा गुण. बाशोला ती त्यासाठीच आवडली. लोक झोपडीला केळीची झोपडी म्हणू लागले आणि तिच्या धन्यालाही तेच नाव चिकटले. १६८२ च्या अखेरीस एदोत लागलेल्या मोठ्या आगीत ही झोपडी जळाली. पुढच्या वर्षी आई गेली. शिष्यांनी वर्गणी काढून नवे घर बांधून दिले. पण आता घर या गोष्टीवरून त्याचे मन उडाले होते.

१६८४ च्या शरदात तो पायी निघाला. हाकोने घाट ओलांडताना पाऊस होता आणि सगळे डोंगर ढगांत बुडालेले. फुजी पर्वत दिसण्याची ती जागा. दुसरा कोणी हळहळला असता. बाशोने फुजी न दिसलेल्या त्या दिवसातच रस आहे, असे मानून त्यावर कडवे रचले. पुढे या प्रवासाची हकिगत त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच काढलेल्या चित्रांसह एका लांब गुंडाळीवर उतरवली. चित्रे साधी, शाईच्या थोड्या फटकाऱ्यांची आणि फिकट रंगांची.

चित्राच्या बाबतीत बाशोला स्वतःबद्दल मुळीच भ्रम नव्हता. उतारवयात मोरिकावा क्योरिकू नावाचा एक सामुराई त्याचा शिष्य झाला. तो चित्रकलेत तरबेज. मग ठरले असे, की कवितेत बाशो गुरू आणि चित्रात क्योरिकू. पन्नाशीला टेकलेला कीर्तिमान कवी तरुण शिष्यापुढे कुंचला धरायला बसला. निष्पर्ण फांदीवर कावळा उतरल्याचे बाशोचे एक प्रसिद्ध कडवे आहे. त्याच्या एका चित्रात कावळा एक नसून कावळ्यांचा थवाच आहे. जपानी नामाला वचनाचे बंधन नसते, त्यामुळे दोन्ही वाचने चालतात. मराठीत उतरवणाऱ्याला मात्र कावळा म्हणावे की कावळे, हे आधीच ठरवावे लागते. चित्राने शब्दांची री ओढायची नाही आणि शब्दांनी चित्राचे वर्णन करायचे नाही, हे या कलेचे पथ्य. सूर्यास्ताच्या छायाचित्राखाली सूर्य मावळल्याचेच सांगणारे हायकू आज ढिगाने लिहिले जातात. त्यांना हे पथ्य कोणी सांगितलेले दिसत नाही.

आभाळाने बाशोला वारंवार हुलकावणी दिली. १६८७ मध्ये तो खास शरदातला पूर्णचंद्र पाहण्यासाठी काशिमाला गेला. ही पौर्णिमा बहुधा आपल्या भाद्रपदी पौर्णिमेलाच येते, आणि त्या रात्रीच्या आभाळाचा भरवसा कोकणातही कोणी देत नाही. आपली कोजागरी महिनाभर पुढे आहे, हे पूर्वजांचे शहाणपणच. काशिमाला पाऊस लागला. बाशोचा झेनगुरू बुच्चो तेथे एका मठात निवृत्त होऊन राहत होता, त्याच्याकडे मुक्काम पडला. पहाटेच्या सुमारास थोडी उघडीप झाली, तेव्हा बुच्चोने पाहुण्यांना उठवले. ढगांतून आलेला थोडा उजेड आणि पागोळ्यांचा आवाज, एवढीच त्या यात्रेची कमाई.

१६८९ च्या मे महिन्यात, झोपडी विकून, सोरा या शिष्यासोबत तो उत्तरेकडे निघाला. सुमारे पाच महिने आणि जवळजवळ २४०० किलोमीटर. 'ओकु नो होसोमिचि' हे त्याचे प्रवासवर्णन याच वाटचालीचे. मात्सुशिमाची बेटे पाहण्याची त्याला वर्षानुवर्षे ओढ होती. तेथे पोचल्यावर त्याने ग्रंथात आपले एकही कडवे दिले नाही, सोराचे दिले. किसाकाताची खाडी त्याने पावसात पाहिली. १८०४ च्या भूकंपात तेथील तळ वर उचलला गेला, खाडीची शेते झाली. आज तेथे छायाचित्र काढले, तर भातखाचरांत उभी असलेली टेकाडे येतात. बाशोच्या डोळ्यांसमोरची बेटे हीच.

मग इझुमोझाकी. ऑगस्टची रात्र, समोर उसळलेला समुद्र, पलीकडे सादो बेट आणि वर आकाशगंगा पसरलेली, असे त्याचे अजरामर कडवे आहे. सादो हे सोन्याच्या खाणींचे आणि हद्दपारीचे बेट. सम्राट, धर्मगुरू, नाटककार तेथे पाठवले गेले. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाने आयुष्याची तीस वर्षे ज्या रत्नागिरीत समुद्र पाहत घालवली आणि १९१६ मध्ये जेथे देह ठेवला, तेथल्या वाचकाला या बेटाचे दुःख वेगळे समजावून सांगायला नको. परंतु सोराने त्याच प्रवासाची रोजनिशी ठेवली होती. ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अभ्यासक चपापले. इझुमोझाकीच्या त्या रात्री जोराचा पाऊस पडल्याची नोंद तीत आहे. पुढच्या मुक्कामी, ताऱ्यांच्या सणाच्या, म्हणजे सातव्या महिन्याच्या सप्तमीच्या सुमारासही पाऊसच.

काहींना ही लबाडी वाटली. तसा आरोप करणे सोपे आहे, पण त्यात बाशोवर अन्याय होतो. रोजनिशी ठेवण्याचे काम सोराकडे होते. बाशो जे जुळवत होता, ते अनेक रात्रींचे, अनेक वर्षांचे आभाळ होते. ग्रंथावर त्याने पुढे जवळजवळ पाच वर्षे हात फिरवला. शिवाय हाच माणूस त्सुरुगाच्या मुक्कामात पौर्णिमेच्या आदल्या रात्री चंद्र लख्ख होता आणि ऐन पौर्णिमेला पाऊस आला, हे निमूटपणे लिहून ठेवतो. चंद्र उगवून घेणे त्याला तेथेही कठीण नव्हते.

शेवटची वर्षे सुखाची नव्हती. १६९२ मध्ये शिष्यांनी फुकागावाला पुन्हा घर उभे केले, केळीही आणून लावली. १६९३ मध्ये त्याने सांभाळलेला पुतण्या तोइन क्षयाने गेला. काही काळ बाशोने दाराला कडी घालून माणसे वर्ज्य केली. याच काळात त्याच्या कवितेत हलकेपणा आला. भाजीपाला, पाऊस, शेजारी यांच्यापलीकडे तिला काही लागेना. काही जुन्या शिष्यांना हे वळण मानवले नाही.

१६९४ मध्ये ओसाकात शिष्यांमधले भांडण मिटवायला तो गेला आणि पोटाच्या विकाराने अंथरुणाला खिळला. एका फुलविक्याच्या घरी भाड्याने घेतलेल्या खोलीत त्याला हलवले. आजारपणातच, मध्यरात्री, त्याने आपले शेवटचे कडवे एका शिष्याकडून लिहून घेतले. त्यातही प्रवासच आहे. चांद्रपंचांगाच्या दहाव्या महिन्याच्या १२ तारखेला, २८ नोव्हेंबरला, तो गेला. वय पन्नास. 'ओकु नो होसोमिचि' छापून यायला १७०२ साल उजाडले. पुढे बुसोन या कवी-चित्रकाराने त्याची सचित्र हस्तलिखिते केली आणि हाइगा पूर्ण वयात आली.

शिष्यांनी बाशोचा देह त्याच रात्री नावेत घालून योदो नदीतून वर नेला. बिवा सरोवराकाठच्या ओत्सू गावी, गिचुजी मंदिराच्या आवारात, त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याला पुरले. ती १४ तारखेची रात्र होती. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती.