स्मिता पाटील : अवघ्या बारा वर्षांची कारकीर्द आजही का आठवते?

गोंदियाहून हावड्याकडे निघालेली गाडी सालेकसा आणि डोंगरगड मागे टाकते, की राजनांदगाव येते. हा ‘नाचा’ लोकनाट्याचा मुलूख. छत्तीसगडच्या नाचा कलावंतांना घेऊन हबीब तन्वीर यांनी बसवलेले ‘चरणदास चोर’ श्याम बेनेगल यांनी १९७५ मध्ये पडद्यावर आणले. त्यातली राजकुमारी होती विशीतली एक मराठी मुलगी, स्मिता पाटील.

बातम्यांपासून सुरुवात

स्मिता यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, राज्यात मंत्री राहिलेले. आई विद्याताई समाजकार्यात. राष्ट्र सेवा दलाचे संस्कार लहानपणीच झाले. पुढे त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देऊ लागल्या. अनेकदा जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत. तिथेच बेनेगल यांची नजर त्यांच्यावर गेली.

वेगळेपण कशात?

त्या काळात नायिका म्हणजे गोरा रंग आणि झगमगाट. स्मिता सावळ्या होत्या, मेकअप जेमतेम. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून उभ्या राहिलेल्या ‘मंथन’मध्ये (१९७६) त्या गावातली बाई वाटल्या, नटी नाही. अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेल्या ‘भूमिका’साठी (१९७७) त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या जेमतेम बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या. मुंबईच्या झोपडपट्टीतली ‘चक्र’मधली अम्मा त्यांना दुसरा राष्ट्रीय पुरस्कार देऊन गेली.

मराठीत जब्बार पटेल यांचे ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरील ‘उंबरठा’त त्या सुलभा महाजन झाल्या. सुखवस्तू घर सोडून महिलाश्रमाची जबाबदारी घेणारी सुलभा परतते, तेव्हा घर तिचे उरलेले नसते. बाईने काम निवडले तर तिला काय मोजावे लागते, हा प्रश्न या चित्रपटाने घराघरात नेला.

व्यावसायिक चित्रपटही

‘नमक हलाल’, ‘शक्ती’ (दोन्ही १९८२) यांसारख्या चित्रपटांमुळे त्या गावोगावच्या टॉकीजपर्यंत पोहोचल्या. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

अकाली अखेर

अभिनेते राज बब्बर यांच्याशी त्यांनी विवाह केला. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी मुलगा प्रतीक जन्मला. बाळंतपणानंतर प्रकृती बिघडली आणि अवघ्या पंधरा दिवसांनी, १३ डिसेंबरला मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ३१. नाव, पैसा, मोठे शहर, सारे हाताशी असूनही बाळंतपणानंतरचे ते दिवस त्यांना पार करता आले नाहीत.

केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ त्यांच्या निधनानंतर पडद्यावर आला. सुभेदारापुढे न झुकणारी सोनबाई आणि तिच्यासाठी शेवटी मिरचीपूड उधळत पुढे सरसावणाऱ्या कारखान्यातल्या बाया. हे दृश्य प्रेक्षकांनी पाहिले, तेव्हा सोनबाई साकारणारी स्मिता या जगात नव्हती.