बंधूंचे गुरु विखर्न

योहान विखर्न ह्यांचा जन्म जर्मनीतील हांबुर्ग शहरी १८०८ साली झाला. पंधराव्या वर्षी पितृछत्र हरपल्याने गरिबी त्यांस ठाऊक होती. १८३३ त शहरालगत होर्न गावी त्यांनी अनाथ व वाट चुकलेल्या मुलांकरिता घर उघडले. त्यास कोट नव्हता, कुलूप नव्हते. सुमारे बारा मुलांचे एक कुटुंब करून त्यावर एक ‘बंधु’ नेमीत. हे बंधु बहुधा साधे कारागीर असत. नुसत्या कळवळ्याने मुले सुधारत नाहीत हे जाणून विखर्न त्यांस पवित्र शास्त्र व शिकविण्याची रीत शिकवीत, आणि रात्रंदिवस मुलांतच ठेवीत. आम्हां पाळकांस जे शिक्षण पुस्तकांतून मिळाले, ते त्यांस मुलांच्या पंगतीत मिळे. पुढे कित्येक बंधु तुरुंगांत व अनाथगृहांत सेवेस गेले. दीर्घ आजारानंतर ७ एप्रिल १८८१ रोजी विखर्न प्रभूमध्ये निजले.